जूनचा पहिला पंधरवडा आणि तीन सेकंदांची वाट

कोल्हापुरात शाळा उघडतात तेव्हा बहुधा पाऊसही सुरू झालेला असतो. व्हरांड्यात ओल्या छत्र्या ठेवलेल्या असतात, नव्या पुस्तकांना खाकी कव्हरे चढलेली असतात आणि शिक्षकांच्या खोलीत गेल्या वर्षीचे वर्गशिक्षक यंदाच्या वर्गशिक्षकांना मुलांची ओळख करून देत असतात. "पहिल्या बाकावरच्या त्या तिघी हुशार आहेत, त्यांची काळजी नको. मागं तो उंच पोरगा बसतोय, त्याच्यावर जरा लक्ष ठेवा. आणि ती खिडकीजवळची, ती काही बोलतच नाही, तिला काही येत नाही." यात कोणाचाही वाईट हेतू नसतो, नव्या शिक्षकाचे काम थोडे सोपे व्हावे, एवढीच इच्छा असते. मी गणित शिकवत होतो तेव्हा अशा ओळखी करून घेतल्या आहेत आणि करूनही दिल्या आहेत. पुढे मुलांना शाळेचा अनुभव कसा येतो याविषयीचे संशोधन वाचू लागलो, तेव्हा त्यातला बराचसा भाग याच पाच मिनिटांच्या बोलण्याभोवती फिरतो आहे, असे ध्यानात आले.

शिक्षकाचा प्रभाव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एखादे थोर गुरुजी येतात, त्यांनी कोणाचे तरी आयुष्य बदलून टाकल्याची गोष्ट येते, निवृत्तीच्या सत्कारातले भाषण येते. अशी माणसे असतात, हे खरेच आहे. तथापि मुलाचा शाळेतला बहुतेक काळ अशा प्रसंगांत जात नाही. तो जातो प्रश्न कोणाला विचारला गेला, उत्तर येईपर्यंत किती थांबले गेले, चुकल्यावर काय बोलले गेले, वहीत काय लिहिले गेले, अशा बारीक गोष्टींत. या गोष्टी दिवसातून शेकडो वेळा घडतात आणि शिकवणाऱ्याला त्या बहुधा जाणवतही नाहीत. मूल मात्र त्यांवरून एक गोष्ट ताडत असते: ही जागा माझ्यासाठी आहे की नाही.

या विषयातला सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, एका प्राथमिक शाळेत झाला. रॉबर्ट रोझेन्थाल हे मानसशास्त्रज्ञ आणि लेनोर जेकबसन या मुख्याध्यापिका, अशा दोघांनी मुलांची एक चाचणी घेतली आणि शिक्षकांना सांगितले की, तिच्यावरून काही मुले येत्या वर्षात झपाट्याने पुढे जातील असे दिसते. त्या मुलांची नावेही शिक्षकांना दिली. प्रत्यक्षात ती नावे चाचणीच्या गुणांवरून काढलेली नव्हती. चिठ्ठ्या उचलाव्यात तशी ती निवडलेली होती, साधारणपणे पाच मुलांमागे एक. काही महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे गुण त्यांच्या वर्गमित्रांपेक्षा ठळकपणे वाढलेले आढळले. वरच्या इयत्तांत मात्र विशेष फरक दिसला नाही. १९६८ साली हे निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत हा प्रयोग सांगितला जातो.

सांगताना त्याचा दुसरा अर्धा भाग बहुधा गळतो. वापरलेली चाचणी अगदी लहान मुलांसाठी भरवशाची नव्हती, असा आक्षेप लगेचच घेतला गेला. नंतरच्या संशोधकांना इतका मोठा परिणाम सहसा आढळला नाही. ली जसिम आणि केंट हार्बर यांनी २००५ साली या विषयावरच्या साडेतीन दशकांच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांनी असा निष्कर्ष काढला की शिक्षकांचे अंदाज पुष्कळदा खरे ठरतात ते मुख्यतः अंदाज बरोबर असल्यामुळे. अंदाजामुळे मूल तसे घडल्याचा परिणाम असतो, पण तो सर्वसाधारणपणे लहान असतो. तेव्हा "बाईंनी विश्वास ठेवला की मूल काहीही करून दाखवते" हे व्यासपीठावरून ऐकायला गोड वाटले, तरी या प्रयोगातून सिद्ध होत नाही. मात्र त्याच आढाव्यात एक गंभीर नोंद आहे. ज्या गटांकडे समाज आधीच कमीपणाने पाहतो, त्या गटांतल्या मुलांवर शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम अधिक मोठा होऊ शकतो. ज्या मुलाला घरातून, शेजारातून, नात्यातून "तू करशील" असे सांगणारी चार माणसे आहेत, त्याला एका शिक्षकाचे मत फारसे हलवू शकत नाही. ज्याला असे सांगणारे कोणीच नाही, त्याच्या बाबतीत शिक्षकाच्या एका मताचे वजन फार होते.

आता त्या पहिल्या पंधरवड्याकडे येऊ. स्टीफन रॉडनबुश या संशोधकाने १९८४ साली अशा अठरा प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडून पाहिले. त्यात असे दिसले की, शिक्षकाला मुलांविषयीची ती खोटी माहिती ओळख होण्यापूर्वी किंवा पहिल्या काही दिवसांतच मिळाली असेल तर परिणाम दिसतो. शिक्षक आणि मुले यांचा सहवास दोन आठवड्यांहून अधिक झालेला असेल तर तो जवळजवळ नाहीसा होतो. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी मूल पाहिले की शिक्षक दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबत नाही, हा त्याचा दिलासा देणारा अर्थ. दुसरा अर्थ असा की, जूनच्या पावसात शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर दिलेली ती ओळख नेमकी अशा वेळी दिली जाते, जेव्हा मन सर्वांत कोरे असते. माझ्या माहितीतल्या एक बाई जून संपेपर्यंत मागच्या इयत्तेचे निकालपत्रक उघडत नसत. हजेरीपुरती नावे घेत आणि बाकीचे स्वतः पाहत. त्यांनी यातले कोणतेही संशोधन वाचलेले नव्हते.

पण मनातली अपेक्षा मुलापर्यंत पोहोचते कशी? "तुझ्याकडून मला आशा नाही" असे कोणीही शिक्षक उघडपणे म्हणत नाही. जेरे ब्रोफी आणि थॉमस गुड यांनी १९७० साली पहिलीच्या वर्गांत बसून नेमके हेच टिपले. शिक्षक ज्यांना हुशार समजत, त्यांचे उत्तर चुकले तर प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्या शब्दांत मांडत, थोडी दिशा देत. ज्यांना कच्चे समजत, त्यांचे उत्तर चुकले की उत्तर स्वतः सांगून टाकत किंवा दुसऱ्याला विचारत. बरोबर उत्तरावरची शाबासकीही पहिल्यांच्या वाट्याला अधिक येई. आपल्या वर्गांत याचे रूप ओळखीचे आहे. एकाला "अरे, पुन्हा बघ, कुठं चुकतंय?" आणि दुसऱ्याला "बस खाली. हां, कोण सांगेल?" दुसऱ्या मुलाचा अपमान करावा असे शिक्षकाच्या मनातही नसते; उलट त्याला सर्वांसमोर ताटकळत उभे करू नये, ही दया असते. या दयेचा मुलाने लावलेला अर्थ मात्र वेगळा असतो.

थांबण्याचा हिशेब तर सेकंदांत मांडला गेला आहे. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक वर्गांतले संभाषण ध्वनिमुद्रित करून त्यातली शांतता मोजत असत. १९७४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात; तेवढ्यात उत्तर आले नाही की प्रश्न पुन्हा विचारतात, बदलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. उत्तर आल्यानंतरही तितक्याच घाईने बोलू लागतात. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांबली, "माहीत नाही" हे उत्तर कमी झाले, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली आणि मुले आपणहून प्रश्न विचारू लागली. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: शिक्षक हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी जास्त थांबतात आणि मागे पडलेल्या मुलांसाठी कमी. ज्याला विचार करायला अधिक वेळ हवा, त्यालाच तो कमी मिळतो.

हे वाचून मला ते माझ्या वर्गाला लागू होते असे मुळीच वाटले नव्हते. म्हणून एका सहकारी बाईंना माझ्या तासाला मागच्या बाकावर बसण्याची विनंती केली. त्यांच्या हाती बाकांच्या मांडणीचा कागद दिला आणि ज्याला मी प्रश्न विचारीन त्याच्या जागी एक रेघ ओढायला सांगितली. तास संपल्यावर तो कागद पाहिला तेव्हा रेघा पुढच्या दोन ओळींत आणि मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दाटलेल्या होत्या. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे नाव त्या तासात मी एकदाही घेतलेले नव्हते. उंच पोराच्या जागी तीन रेघा होत्या, तिन्ही वेळा मी त्याला "काय चाललंय तिकडं?" असे विचारले होते. खिडकीजवळची जागा कोरी होती.

प्रश्न विचारला जाणे, न जाणे याइतकेच मुलाच्या भाषेला शाळेत काय वागणूक मिळते, हेही महत्त्वाचे असते आणि कोल्हापुरात हा मुद्दा विशेष नाजूक आहे. इथल्या अनेक घरांतल्या मुली स्वतःविषयी बोलताना पुल्लिंगी क्रियापद वापरतात. "बाई, मी काल मामाच्या गावाला गेल्तो," असे सातवीतली मुलगी सहज म्हणते, कारण तिची आई आणि आजीही तसेच म्हणतात. बाहेरून बदलून आलेले शिक्षक यावर "तू काय मुलगा आहेस का?" असे विचारतात, वर्ग हसतो, आणि शिक्षकाच्या दृष्टीने तो प्रसंग तिथेच संपतो. मुलीपुढे यापुढे दोन वाटा उरतात. एक, बोलण्यापूर्वी प्रत्येक वाक्य मनात तपासून घेणे. दुसरी, न बोलणे. बहुतेक मुली दुसरी निवडतात, कारण ती सोपी आहे. पुढे पालकसभेत "हिला सगळं येतं, पण ही बोलत नाही" असे तिच्या आईला सांगितले जाते. बोलीला स्वतःचे व्याकरण असते आणि प्रमाण मराठी शिकवणे हे शाळेचे काम आहे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. "आपण घरी असं म्हणतो, वहीत लिहिताना असं लिहू" एवढ्या एका वाक्यात ते काम होते आणि कोणी हसतही नाही. गडहिंग्लजच्या बाजूला घरी कन्नड बोलणारी मुले, इचलकरंजीत यंत्रमागाच्या कामासाठी परप्रांतातून आलेल्या घरांतली हिंदी बोलणारी मुले, यांच्या बाबतीत हे अंतर आणखी मोठे असते. आकलन कमी आहे आणि भाषा परकी आहे, या दोन वेगळ्या अडचणी आहेत. घाईच्या तासात त्या एकसारख्याच दिसतात.

इथे कोल्हापूरच्या इतिहासातली एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती थेट शिक्षकाच्या वागण्याविषयी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा कायदा केला, हे आपण शाळेतच शिकतो. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा निर्णय घेतला, हेही अनेकांना ठाऊक असते. त्याच वर्षीच्या आणखी एका आदेशाकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. शिक्षण खात्यातल्या नोकरांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना इतरांपेक्षाही अधिक आपुलकीने वागवावे आणि ज्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, असे त्यात बजावलेले होते. मुलाला शाळेच्या दारापर्यंत कायद्याने आणता येते, पण दारापासून बाकापर्यंतचे अंतर शिक्षकाच्या वागण्यावर अवलंबून असते, हे त्या राज्यकर्त्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

ते अंतर किती खोलवर काम करते, हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांच्या प्रयोगात दिसते. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांना त्यांनी कागदावरच्या चक्रव्यूहातून वाट काढण्याची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख न करता कोडी दिली, तेव्हा तथाकथित उच्च आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुले जवळपास सारखीच कोडी सोडवत होती. कोडी देण्यापूर्वी सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दुसऱ्या गटातल्या मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुले तीच होती, कोडीही त्याच धाटणीची होती. आज आपल्या वर्गात जात मोठ्याने वाचली जात नाही, असे आपण म्हणू; तरी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी "अमुक प्रवर्गातली मुलं उभी राहा" अशी सूचना भर वर्गात देण्याची सवय अनेक ठिकाणी होती, आणि ती सगळीकडून गेली आहे असे मला खात्रीने म्हणता येणार नाही.

वहीतल्या शेऱ्यांविषयी थोडक्यात. रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त अभिप्राय मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुले फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली, कारण आकडा दिसला की अभिप्रायाकडे लक्ष जात नाही. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात 'वर्णनात्मक नोंदी' आल्या, त्यामागचा विचार याच दिशेचा होता. पुढे त्या नोंदींच्या छापील पुस्तिका बाजारात आल्या, मोबाइलवर तयार याद्या फिरू लागल्या आणि तीसच्या तीस मुले "स्वतःच्या शब्दांत अनुभव सांगतो" अशी झाली. यात दोष केवळ शिक्षकांना देणे बरोबर होणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. हे प्रमाण पाळले तरी पस्तीस मिनिटांच्या तासात प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक मिनिट येते, तेही शिक्षकाने स्वतः एक शब्दही बोलायचा नाही असे ठरवले तर. त्याशिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे आणि त्याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने मुभा दिलेली जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारणाची कामे असतातच. शांतपणे तीन सेकंद थांबण्यासाठी आधी मनात तेवढी मोकळीक लागते.

भीतीविषयी कायदा स्पष्ट आहे. कलम सतराने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे, आणि कलम एकोणतीसने मुलाला भय व चिंता यांपासून मुक्त ठेवून मोकळेपणाने व्यक्त होऊ देणे हा अभ्यासक्रमाचाच भाग मानला आहे. छडी बऱ्याच शाळांतून गेली. टोमणा अजून गेलेला नाही. गणितात त्याची किंमत लगेच दिसते. बेरीज-वजाबाकी करताना हातचे लक्षात ठेवायला मनातली जी जागा लागते, तीच जागा "आता चुकलो तर?" हा विचार व्यापतो, आणि घरी बिनचूक म्हटलेला सतराचा पाढा फळ्यासमोर अडतो. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले, तेव्हा मुलाला न घाबरता शिकता यावे हाच त्यामागचा विचार होता. तेव्हा अनेकांना तो लाड वाटला होता. मला स्वतःलाही तरुणपणी तो थोडासा तसाच वाटला होता, हे कबूल करायला हवे.

आपल्या जिल्ह्याला शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालाचा अभिमान आहे. गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांचे फ्लेक्स चौकात लागतात आणि त्यांवर मार्गदर्शक शिक्षकांचे छायाचित्रही असते. त्यांचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. पण किराबो जॅक्सन या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या नववीच्या विद्यार्थ्यांची माहिती तपासून २०१८ साली जे मांडले, ते आपल्यालाही विचारात पाडणारे आहे. काही शिक्षकांमुळे मुलांचे परीक्षेतले गुण वाढतात. काही शिक्षकांमुळे मुलांची गैरहजेरी कमी होते, शिस्तभंगाच्या कारवाया कमी होतात, मुले वेळेवर वरच्या वर्गात जातात. हे दोन्ही शिक्षक एकच असतील असे नाही, आणि मूल शालेय शिक्षण पूर्ण करील की नाही याचा अंदाज दुसऱ्या प्रकारच्या परिणामावरून अधिक चांगला बांधता येतो. ज्याच्यामुळे एखादे पोर शाळा सोडता सोडता राहिले, त्या शिक्षकाचा फ्लेक्स लागत नाही, कारण न घडलेल्या गोष्टीचे छायाचित्र काढता येत नाही.

काही मुलांसाठी तर जूनचा पंधरवडा नसतोच. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात येतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही येतात. ती वर्गात येतात तेव्हा पहिले सत्र संपलेले असते, बाकांच्या जागा ठरलेल्या असतात, मैत्र्या जुळलेल्या असतात. त्यांच्याविषयी मागचे वर्गशिक्षक काही सांगत नाहीत. पण "टोळीचं पोर आहे, मार्चला जाईल" ही ओळख त्यांच्या आधीच वर्गात पोहोचलेली असते. फडावर ऊस बांधताना मोळ्या मोजणाऱ्या, उचलीचा आणि खाड्याचा हिशेब घरात रोज ऐकणाऱ्या त्या मुलाला गुणाकार किती येतो, हे फळ्यावर उभे करून कळत नाही. मोळ्यांविषयी विचारले तर कळते.

तो रेघांचा कागद मी जपून ठेवला होता. दिवाळीनंतर त्याच वर्गात अपूर्णांकांची बेरीज चालली असताना मी खिडकीजवळच्या मुलीला विचारले, "एक छेद दोन अधिक एक छेद तीन, किती?" आणि खडू बोटांत फिरवत मनात अंक मोजू लागलो. तीनपर्यंत पोहोचलो तरी ती गप्पच होती, आणि पुढच्या बाकावरचे तीन हात वर झालेले होते. सहाव्या अंकाला ती म्हणाली, "दोन छेद पाच." उत्तर चूक होते. वर आणि खाली वेगवेगळी बेरीज करायची, हा तिचा नियम होता. तो तिने कधीपासून धरून ठेवला होता कोण जाणे. तिच्या वहीत उत्तरे बरोबर असत, कारण ती फळ्यावरून उतरवलेली असत. मी तिला एक भाकरी काढायला सांगितली आणि आम्ही तिचे आधी दोन, मग तीन तुकडे करून पाहू लागलो.